वीस वावांच्या पुढे

क्लिनिक सातला बंद होतं, माझं खरं काम दहाला सुरू.
जयगडपासून पूर्णगडपर्यंत
ज्यांच्या दातांवरच्या तारा आम्ही काढल्या
त्या एकशेबारा जणांची यादी मोबाइलवर उघडते.
रात्री रिटेनर बसवला की त्यांनी अ‍ॅपमध्ये बोट टेकायचं,
नावापुढे हिरवा ठिपका पडतो.
सलग तीस पडले की एक तारामासा बक्षीस,
चित्रातला.

पुण्याच्या कंपनीने आठवण लिहून दिली होती:
‘कृपया आपले धारक परिधान करावे.’
राजिवड्यातून लगेच उलटा निरोप,
मॅडम, हे गॅसचं आहे का?
तेव्हापासून निरोप मी लिहिते.
‘झोपलास? आणि प्लेट?’
‘डबीत ठेवून दात सरळ राहत नाहीत, बाय माझे.’
डॉक्टर म्हणाले, हे जरा घरगुती होतंय.
ठिपके वाढले, मग काही म्हणाले नाहीत.

दातांना जुनी जागा आठवते, हे मी समजावते
भाट्याच्या खाडीचं तोंड दाखवून.
ड्रेझर गाळ काढून जातो,
वाळू कुणाला न विचारता परत येते.

तरी माणसं ती माणसंच.
पावसची एक मुलगी प्लेट कागदात गुंडाळून
खानावळीच्या ताटात विसरली,
वडिलांनी खरकट्याची बादली उपसली,
उसळीत सापडली.
एक जण अडीच महिने रोज ठिपका देत होता,
तारामासे दोन,
आणि तपासणीला आला तेव्हा पुढचे दोन दात
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे.

तौसीफ होडेकर मात्र कायम लाल.
मिरकरवाड्याची बोट,
काकाने कुवेतहून पैसे पाठवले
म्हणून बाहेर आलेला सुळा ओळीत बसवलेला.
वीस वावांच्या पुढे रेंज नाही.
रेंज नसली की अ‍ॅप ठिपके पोटात ठेवतं, गाबोळीसारखे,
बोट किनाऱ्याकडे आली की सगळे एकदम सोडतं.
हे कळायला मला दोन महिने लागले,
तोवर त्याला काय काय लिहून बसले होते!

कार्तिकात बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.
आलेल्या बोटी जेटीला एकमेकींना बांधलेल्या,
न आलेल्यांची नावं बायका मोठ्याने घेत नव्हत्या.
मी सवयीने दहाला यादी उघडली.
तौसीफ: लाल, लाल, लाल.
आठवण आपोआप गेली, माझ्याच शब्दांत,
‘झोपलास? आणि प्लेट?’
गेलेला निरोप मागे घेता येत नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी उशाशी फोन थरथरला.
एक. मग तीन. मग धडाधड,
नऊ हिरवे.
अंधारात बसून मी ते दोनदा मोजले.
त्याच्या आईचा नंबर फॉर्मवर होता, सहीशेजारी,
तारा बसवल्या तेव्हा तो अठराचा नव्हता.
इतक्या रात्री दातांच्या दवाखान्यातून फोन,
ती काही बोलेचना.
म्हटलं, चाची, बोट रेंजमध्ये आलीय.
दिव्यातून दिसत नसेल अजून.
पण आलीय.

पुढच्या सोमवारी तो खुर्चीत बसला.
प्लेट टक्कन बसली, सुळा जागच्या जागी.
डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा हळूच म्हणाला,
सातवी रात्र खोटी आहे.
प्लेट डबीत, डबी छातीशी, दोन्ही हात पंपावर.
पहाटे आठवलं, तुम्ही ओरडाल,
म्हणून बोट टेकलं.

नियमाने तो ठिपका पुसायला हवा.
बटणापर्यंत गेलेही होते.
मग पुढची तारीख लिहून दिली, चैत्रातली.
बाहेर बाकावर त्याची आई.
तिने कागदात गुंडाळलेली सुरमई पुढे केली,
या वेळीही काही बोलली नाही.